‘अमान्य आहे’ एवढ्याने भागत नाही

साक्षीपुरावा न नोंदवता दिवाणी दावा निकाली काढावा की नाही, या प्रश्नावर गोव्यात व्यापारी आणि वकील एकत्र आले की लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, हा गळा दाबण्याचा प्रकार आहे. माणसाला पिंजऱ्यात उभे राहून आपली बाजू सांगू द्या, समोरच्याची उलटतपासणी होऊ द्या, मग काय तो हुकूमनामा करा. दुसरी बाजू म्हणते, उधारीच्या दाव्यात साक्षीपुरावा हवाच कशाला? बिल आहे, सही आहे, पैसे आले नाहीत, संपला विषय. या वादात वेग आणि न्याय यांना एकमेकांचे वैरी ठरवून टाकले आहे, आणि खरा प्रश्न कुणीच विचारत नाही. साक्षीपुराव्याशिवाय होणाऱ्या संक्षिप्त निवाड्याचा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या भाषेत समरी जजमेंटचा अर्ज आल्यावर तो परतवायला प्रतिवादीने नेमके काय दाखवायचे असते? माझ्या मते मागणी फार थोडी आहे, पण ती ठोस आहे. ज्याला खटला चालायला हवा आहे, त्याने खटल्यात ठरवण्याजोगे काय शिल्लक आहे ते कागदावर दाखवावे. तेवढेही ज्याला जमत नाही त्याला तारखा हव्या असतात. आणि ज्याने ते दाखवले त्याला साक्षीपुराव्याशिवाय घरी पाठवणारे कोर्ट कायद्याचे शब्द नीट वाचत नाही.

हे शब्द आहेत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 13-अ मध्ये. 2015 च्या कमर्शियल कोर्ट्‌स कायद्याने तो संहितेत आला. तेव्हा हा कायदा एक कोटी आणि त्यावरच्या दाव्यांपुरता होता, त्यामुळे चिरेखाणवाला, हार्डवेअरचा दुकानदार किंवा हॉटेलांना मासळी पुरवणारा यांचा त्याच्याशी संबंध येत नसे. 2018 मध्ये ही मर्यादा तीन लाखांवर आली आणि म्हापसा-फोंड्याचा मध्यम व्यापारी थेट त्याच्या कक्षेत आला. समन्स बजावल्यानंतर आणि मुद्दे काढण्याआधी, म्हणजे खटल्यात ठरवायचे प्रश्न कोर्टाने निश्चित करण्याआधी, कोणत्याही पक्षाला हा अर्ज करता येतो. कोर्टाला दोन गोष्टी पटाव्या लागतात. दावा किंवा बचाव यशस्वी होण्याची खरीखुरी शक्यता नाही, ही पहिली; आणि तोंडी पुराव्याआधी प्रकरण निकाली काढू नये असे दुसरे कोणतेही सबळ कारण नाही, ही दुसरी. या दोहोंच्या मधला ‘आणि’ महत्त्वाचा आहे. बचाव दुबळा वाटला तरी दुसरी अट उरतेच. वादाच्या भरात दोन्ही बाजूंचे लोक हा ‘आणि’ गाळून बोलतात.

आधी एक अनाठायी भीती बाजूला करू. ‘उद्या याच वाटेने घरदार जाईल’ असे गावागावांत बोलले जाते. आदेश 13-अ फक्त व्यावसायिक वादांना लागू होतो. वडिलोपार्जित कुळागराची (बागायतीची) वाटणी, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा) हक्क, वारसांमधली इन्व्हेंटरी (वारसा वाटपाची कोर्टातली प्रक्रिया) यांच्याशी त्याचा संबंध नाही. जमिनीचा करार असला तरी ती मालमत्ता निव्वळ व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असावी लागते. पुढे कधीतरी वापरू म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अंबालाल साराभाई प्रकरणात स्पष्ट केले. कळंगुटच्या चालू हॉटेलची लीज त्यात बसेल, पडीक भाट (माडांची जमीन) बसणार नाही. एक सावधगिरी मात्र सगळ्यांनीच बाळगावी. आदेश 12 नियम 6 खाली कबुलीवरून होणारा निवाडा कुठल्याही दिवाणी दाव्यात होऊ शकतो. तिथे कबुली स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावी लागते. ओढूनताणून काढलेली चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, ‘परिच्छेद 4 ते 19 मधील मजकूर अमान्य आहे, वादीने तो सिद्ध करावा’ असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ही सवय परंपरेने आली म्हणावे तर आपली परंपरा याच्या उलट सांगते. धर्मशास्त्रातल्या व्यवहारकांडाने प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार मानले: कबुली, नकार, ‘होय, पण’ असे कारण सांगणारे उत्तर, आणि ‘हे पूर्वीच ठरले आहे’ हे उत्तर. संदिग्ध किंवा विषय सोडून दिलेले उत्तर यातल्या कशातच बसत नव्हते. पेशवाईतही दोन्ही बाजूंच्या तकरिरा, म्हणजे जबाब, आधी लिहून घेत. आधी कागद, भोगवटा, साक्षी पाहत आणि यातले काहीच नसले तरच दिव्याची, म्हणजे अग्नी-पाण्याच्या कसोटीची, पाळी येई. पुरावा आधी मांडा ही मागणी परक्यांनी आपल्यावर लादली असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे. आजचा कायदाही तेच म्हणतो. व्यावसायिक दाव्यात कागदपत्राचा नुसता, आधार न देता केलेला नकार हा नकारच धरला जात नाही. नकार द्यायचा तर कारण द्यावे लागते, आणि आपली हकीकत वेगळी असेल तर ती सांगावी लागते.

एक उदाहरण जवळून पाहू. रेडीमिक्स काँक्रीट पुरवणाऱ्याने बिल्डरवर 18 लाखांचा दावा केला. पाच महिन्यांत 300 घनमीटर माल, दर 6,000 रुपये. बिल्डरचा बचाव: ‘माल हलका होता.’ हे तीन शब्द कैफियतीत लिहिले आणि दहा वेळा पुन्हा लिहिले तरी अर्ज परतणार नाही. काय असते तर परतेल? समजा तक्रार दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपुरती आहे आणि त्या दिवशी 40 घनमीटर एम-25 प्रतीचे काँक्रीट आले. आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या कामाला चार नमुने लागतात, प्रत्येकात 150 मिलिमीटरचे तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे), म्हणजे बारा क्यूब. ते घेतले होते का? त्यांच्यावर तारीख आणि स्लॅबची खूण होती का? 28 दिवसांचा प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? प्रत्येक गाडीच्या चलनावर प्लांटवर माल भरल्याची वेळ असते आणि साइट रजिस्टरात गाडी रिकामी झाल्याची. त्या दोन वेळांत किती अंतर पडले? अहवाल हाती आल्यावर पुरवठादाराला मेल कधी गेला, त्याचे उत्तर काय आले, डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) काढली का? हे सगळे जोडले की खटल्यात ठरवण्याजोगा एक प्रश्न उभा राहतो: दोष मालात होता की तो साइटवर घालताना, पाणी मारताना झाला? हे न्यायाधीशाला कागदावरून ठरवता येत नाही. त्यासाठी प्लांटच्या माणसाची उलटतपासणी लागते, आणि प्रतिवादीला खटला मिळतो.

याउलट तक्रार पहिल्यांदा उगवते ती समन्स मिळाल्यावर, असेही घडते. मधल्या आठ महिन्यांत इमारत उभी राहिली, माल वापरला गेला, बिलांवरचे जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतले गेले. वस्तुविक्री कायद्यानुसार वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरतात. नुकसानीपोटी किंमत कमी करून मागायचा मार्ग त्यानंतरही मोकळा असतो, पण मग नुकसानीचा आकडा आणि त्याचा आधार द्यावा लागतो. ‘माल मिळालाच नाही’ असे म्हणणाऱ्याची अवस्था तर आणखी अवघड होते. क्रेडिट घ्यायला माल मिळालेला असणे ही जीएसटी कायद्याचीच अट आहे. विवरणपत्रात एक आणि कैफियतीत दुसरे सांगणाऱ्यावर कोर्टाने कोणत्या तोंडाने विश्वास ठेवायचा?

याच उदाहरणात सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते. वादाचा भाग 40 घनमीटरचा, म्हणजे 2 लाख 40 हजारांचा. उरलेल्या 15 लाख 60 हजारांबद्दल बिल्डरची काहीच तक्रार नाही. तरीही कैफियतीत सगळेच अमान्य केले जाते, कारण ‘एवढे कबूल केले तर उद्या द्यावे लागेल’. अहो, ते द्यायचेच आहे. आदेश 13-अ मध्ये दाव्याच्या एका भागावरही निवाडा होतो. निर्विवाद भाग मान्य करून वादाचा भाग वेगळा काढणारा प्रतिवादी कोर्टाच्या नजरेत विश्वासार्ह ठरतो. सरसकट नाकारणारा आपला खरा बचावही खोट्याच्या ढिगाऱ्यात पुरतो. स्लॅबच्या दुरुस्तीचा खर्च 2 लाख 40 हजारांहून जास्त असेल तर प्रतिदावा लावावा, अंदाजपत्रक जोडावे. मोघम ‘नुकसान झाले’ म्हणू नये.

प्रतिज्ञापत्र कोण करतो, याकडेही फार दुर्लक्ष होते. बहुतेक वेळा ते कंपनीचा हिशेबनीस किंवा एखादा भागीदार करतो, ज्याने स्लॅब पाहिलेलाही नसतो. अंतरिम अर्जावर ऐकीव माहिती सांगता येते, पण तिचा आधार सांगावा लागतो. क्यूब भरणारा सुपरवायझर, चलनावर सही करणारा स्टोअरकीपर, फोनवर बोलणी करणारा मालक अशा तीन माणसांची तीन छोटी प्रतिज्ञापत्रे वकिलाने लिहिलेल्या तीस पानी प्रतिज्ञापत्रापेक्षा भारी पडतात.

वाद्याकडे लेखी कागद आहे म्हणून हात टेकण्याचेही कारण नाही. खातेउताऱ्याचेच घ्या. नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुराव्यात येते, पण एकट्या नोंदीवरून कुणावर देणे बसवता येत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 34 मध्ये होता, आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 28 मध्ये आहे. चलन आणि मालाची पोच नसलेला लेजर समोर आला तर हाच मुद्दा पहिला मांडावा. तारणादाखल दिलेल्या कोऱ्या चेकवर दावा आला तर ‘तो तारणाचा होता’ एवढे म्हणून थांबू नये. चेकबुकातली स्थळप्रत (काउंटरफॉइल) आणि बँकेचा उतारा काढावा. त्या क्रमांकाच्या मागचे-पुढचे चेक दोन वर्षांपूर्वी वठले असतील आणि या एकाच चेकवर गेल्या महिन्याची तारीख असेल, तर कागदच बोलू लागतो. तसेच 31 मार्चच्या बाकीची खात्री करणारे पत्र. एप्रिल-मेमध्ये ते येते आणि हिशेबनीस शिक्का मारून परत पाठवतो. पुढे तीच कबुली म्हणून दाव्याला जोडलेली असते आणि दावा लावायची मुदतही तिच्यामुळे वाढते. ‘अमुक डेबिट नोट वगळून’ एवढी एक ओळ हाताने लिहिली असती तर कबुली निःसंदिग्ध उरली नसती.

आता विरोधकांच्या सगळ्यात वजनदार मुद्द्यांकडे येतो. गोव्यातला निम्मा व्यवहार तोंडी आणि ओळखीवर चालतो. लेखी मागणे म्हणजे बड्या कंपनीला झुकते माप देणे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. पण तोंडी कराराचाही माग राहतो: व्हॉट्‌सॲपवरचा निरोप, ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, वेगळ्या दराने आधी चुकते झालेले बिल. अडचण माग नसण्याची कमी आणि तो जपून न ठेवण्याची जास्त आहे. संदेशाचा स्क्रीनशॉट छापून जोडला की झाले, असे समजणे महागात पडते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दोन भाग असतात: पहिला पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाला का ते दाखवणारा सांकेतिक आकडा) नमूद करायचे असते. त्यामुळे वादाची चिन्हे दिसताच फोन विकू नये, चॅट पुसू नये, संपूर्ण संभाषण काढून ठेवावे. मधले चार निरोप गाळलेले संभाषण समोरचा पूर्ण रूपात हजर करतो, आणि मग उरलेल्या बचावावरचाही विश्वास उडतो.

दुसरा आक्षेप असा की महत्त्वाचे कागद बऱ्याचदा वाद्याच्याच ताब्यात असतात, ते प्रतिवादीने कुठून आणायचे? हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि नियम करणाऱ्यांनी तो ओळखलाही होता. उत्तरात प्रतिवादीने आपले कागद, आपले कायद्याचे मुद्दे आणि कोणते मुद्दे काढावेत हे लिहायचे असतेच. त्याशिवाय आज आणता येत नाही पण खटल्यात आणता येईल असा पुरावा कोणता, हेही लिहायचे असते. प्लांटची बॅचिंग नोंद (मिश्रणात काय किती घातले त्याची नोंद) वाद्याकडे आहे, अमुक तारखेची आहे, तिच्यातून सिमेंटचे प्रमाण कळेल, अशी मागणी नेमकी केली की तो प्रकटीकरणाचा, म्हणजे समोरच्याला कागद हजर करायला लावण्याचा, विषय होतो. ‘खटला चालला तर काहीतरी निघेल’ ही मात्र नुसती आशा झाली. अमेरिकेच्या संघीय नियम 56 मध्येही अशीच सोय आहे, आणि तिथेही नेमके काय हवे ते शपथेवर सांगावे लागते.

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्याकडच्या वादात तिथल्या समरी जजमेंटवरच्या 1986 च्या तीन गाजलेल्या निवाड्यांचे दाखले सर्रास दिले जातात. पण आपल्या नियमातली ‘खरीखुरी शक्यता’ ही शब्दयोजना इंग्लंडच्या नियमांच्या जवळची आहे, जिथे स्वेन विरुद्ध हिलमन प्रकरणात ‘वास्तव’ आणि ‘काल्पनिक’ शक्यता यांत फरक केला गेला. त्याहून मोठा फरक ज्युरीचा, म्हणजे तथ्ये ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, आहे. अमेरिकेत न्यायाधीशाने तथ्ये तोलायला घेतली तर तो ज्युरीच्या क्षेत्रात घुसतो, आणि ही भिंत सगळ्यांना दिसते. आपल्याकडे आज अर्ज ऐकणारा आणि उद्या साक्षी ऐकणारा न्यायाधीश एकच असतो. कागद पाहून ‘मला नाही पटत’ म्हणण्याचा मोह इथे जास्त असतो, म्हणून संयमही जास्त हवा. कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न जिथे निर्णायक आहे तिथे दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून निकाल लागत नाही. फसवणूक, दबाव, सहीचा खोटेपणा यांचे तपशील दिलेले असतील तर ते पिंजऱ्यातच ठरायला हवे. इथे मी ‘कागद आहे, विषय संपला’ म्हणणाऱ्यांच्या पूर्ण विरोधात आहे.

त्यांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. इंग्लंडने 1855 मध्ये हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या वसुलीसाठी झटपट प्रक्रिया आणली ती व्यापाऱ्यांच्या आग्रहाने. तरीही बचावाची परवानगी देण्याची तरतूद तिच्यात होती. आपल्याकडे आदेश 37 खाली हुंडी, लेखी करार अशांवरच्या वसुलीसाठी वेगळे समरी दावे लावता येतात; त्यांत ‘बचावाची परवानगी’ कधी द्यायची, याची पायरी-पायरीची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या हबटाऊन निवाड्यात केली. भक्कम बचाव असेल तर बिनशर्त परवानगी. वाजवी, चालवण्याजोगा मुद्दा असेल तरी साधारणपणे बिनशर्तच. हेतूबद्दल शंका असेल तर अटी घालून. वरवर पटण्याजोगा पण खरा असण्याची शक्यता कमी, असा बचाव असेल तर रक्कम भरून किंवा तारण देऊन. निव्वळ पोकळ असेल तरच नकार. आणि 2022 मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले की परवानगी देणे हा नियम आहे, नाकारणे हा अपवाद. आदेश 13-अ मध्येही सशर्त हुकूम आहे. म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधली जागा कायद्याने मोकळी ठेवली आहे. ती वापरण्याऐवजी टोकाचा निकाल द्यावा, असा हट्ट कशासाठी?

तिसरा आक्षेप मुदतीचा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. व्यावसायिक दाव्यात कैफियतीला 30 दिवस, फार तर खर्च भरून आणि कोर्टाच्या परवानगीने 120. त्यापुढे हक्कच संपतो, हे 2019 पासून पक्के झाले आहे. संक्षिप्त निवाड्याच्या अर्जाला उत्तर 30 दिवसांत. जास्तीचे कागद सुनावणीच्या किमान 15 दिवस आधी. आदेश 37 खाली हजर व्हायला दहा दिवस, मग निवाड्याचे समन्स आल्यापासून परवानगी मागायला पुन्हा दहा दिवस. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या लहान व्यापाऱ्याच्या हाती इंग्रजी समन्स पडते, चतुर्थीचे दिवस असतात, तो म्हणतो वकिलाला तारखेला भेटू. तारखेला भेटेपर्यंत मुदत निघून गेलेली असते. पुरावा असूनही हरतो तो हा माणूस. मुदती सैल करा असे मी म्हणणार नाही. सैल मुदतींनी आपल्या दिवाणी कोर्टांचे काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण समन्सबरोबर मराठीत आणि कोकणीत एक पान जोडायला काय हरकत आहे? दावा व्यावसायिक आहे की समरी, उत्तराचा शेवटचा दिवस कोणता, बिले, चलने, बँकेचे उतारे, फोन यांपैकी काय सांभाळून ठेवायचे, क्यूबचा अहवाल असेल तर तो आजच वकिलाकडे न्या, एवढे त्यावर असावे. शेवटची तारीख मोठ्या अक्षरात, आकड्यांत आणि शब्दांत.